सहा मजल्यांचा पॅगोडा

आमच्या लिउच्याओ गावात शाळेच्या फाटकासमोर फान सूयिंगचं वह्या-पेन्सिलींचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने बाहेर ताटकळायचं. तिथे सगळ्यात जास्त झुंबड परीक्षेच्या दिवसांत उडते असं वाटेल तुम्हाला, पण नाही. शाळेने हस्तलिखित काढायला सांगितलं की उडते. मोठ्या कागदावर मुलाने आपलं स्वतःचं वर्तमानपत्र काढायचं. वर फुगीर अक्षरांत मथळा, मध्ये चित्र, चौकटींत मजकूर, कडेने नक्षी. कधी विषय ‘पाणी वाचवा’, कधी ‘दात घासा’. मुलाने काढायचं असं शाळा सांगते. मुलाची आई मात्र कागदाची गुंडाळी काखेत मारून फान मावशीचं दुकान गाठते, आणि हे शाळा सोडून सगळ्या गावाला ठाऊक आहे.

सूयिंगच्या हाताला देणगी होती, यात वादच नाही. तिला चित्रकलेची शिक्षिका व्हायचं होतं. पण आईची थर्मासच्या कारखान्यातली नोकरी घरातच राहायची तर आईच्या जागी कुणीतरी लागायला हवं होतं. भाऊ लहान, म्हणून सतराव्या वर्षी हीच गेली. कारखान्याच्या दारात एक भलामोठा फळा होता. त्यावर दर महिन्याला खडूने वर्तमानपत्र लिहायचं काम फिरत फिरत तिच्याकडे आलं आणि मग तिच्याकडेच राहिलं. पाळी सुटली की माणसं आधी फळ्यापुढे उभी राहायची आणि मग जेवायला पळायची. ‘मी हिला आधी फळ्यावर पाहिली, मग प्रत्यक्षात,’ असं तिचा नवरा मरेपर्यंत सांगायचा. पुढे लोकांनी थर्मास घ्यायचं सोडलं, कारखान्याला टाळं लागलं आणि तो फळा कुणीतरी कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून नेला. नवरा गेला. मुलगा दूर दक्षिणेत नोकरीला. नव्या वर्षाला येतो, चार दिवस झोपा काढतो आणि जातो.

अशात एकदा एक आई रडकुंडीला येऊन दुकानात उभी राहिली. “मावशी, उद्या द्यायचंय हो, आणि आमच्या दिवट्याने काय करून ठेवलंय बघा!” सूयिंगने हसत हसत कागद पुढ्यात ओढला. झालं. त्या दिवसापासून जे सुरू झालं ते थांबलं नाही. पैसा ती घ्यायची नाही. कुणी भोपळ्याच्या भाजलेल्या बिया आणून द्यायचं, कुणी घरचे हिरव्या पिठाचे गोळे. पण खरी गोष्ट सांगू? बायका दुकानाच्या दारात ‘मावशी, तुमच्याशिवाय कोण आहे आम्हाला’ म्हणत उभ्या राहिल्या की तिला ते बियांपेक्षा गोड लागायचं.

आणि कसब तरी काय! पेन्सिलींच्या रंगीत टोकांचा भुगा करून कापसाने कागदावर घासायची, की आकाश तयार. वर्गातल्या प्रत्येक पोराचं अक्षर तिला येत होतं. वेइचं अक्षर तिरकं, जुळ्या बहिणींतल्या एकीचं ठसठशीत, दुसरीचं मुंगीएवढं. शिवाय दर कागदावर एक चूक ती मुद्दाम करून ठेवायची. कुठे एक खिडकी वाकडी, कुठे रंग रेघेबाहेर गेलेला. “एकही चूक नाही म्हटलं की बाईंना संशय यायचा,” ती आयांना समजावून सांगे, आणि आया कौतुकाने माना डोलवत.

त्या वसंतात विषय आला ‘आपले जुने पॅगोडे’. या खेपेला प्रकरण मोठं होतं. आमचा चिंगयुन पॅगोडा इतकी वर्षं बांबूच्या परांचीत उभा होता, त्याची डागडुजी एकदाची संपली होती. पितरांच्या सणानंतर उद्घाटन. तालुक्याची माणसं येणार, प्रत्येक वर्गातलं एकेक हस्तलिखित पायथ्याशी टांगणार, आणि ज्याचं टांगलं त्या मुलाला पॅगोड्यावर चढायला मिळणार. फक्त त्या दिवशी. नंतर जिन्याला कायमचं कुलूप, कारण लाकूड जुनं झालंय, त्याला वर्दळ सोसत नाही. नंतर बघायचं ते सगळ्यांनी खालूनच.

आयांच्या रांगेत एक दिवस तिंग श्याओमान एकटीच येऊन उभी राहिली. तिसरीतली पोर. आईबाप परगावी बुटांच्या कारखान्यात, ही आजोबांजवळ. म्हातारा तिंग जन्मभर कालव्यावर मालाची होडी हाकत होता. आता त्याचं कंबरेचं हाड गेलंय. चौथ्या मजल्यावरचं घर आणि इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे तो खाली उतरला की पुन्हा वर न्यायला चार माणसं लागतात. म्हणून तो उतरतच नाही.

“आजी, एक मोठा कागद द्या. आणि निळी पेन्सिल. बाकीचे रंग आहेत माझ्याकडे.”

“कागद ठेव इथेच. मी बघते ना तुझं,” सूयिंग म्हणाली. “छपरांचे कोपरे फार अवघड असतात गं.”

“नको. बाईंनी सांगितलंय, स्वतः काढायचं.”

मागे उभ्या असलेल्या आया एकमेकींकडे बघून फिसकन हसल्या. सूयिंगही हसली. “बरं बाई, काढ. आणि नंबर आला तर वर जाऊन काय करशील?”

“आजोबांना दिसेन मी,” पोरगी म्हणाली. “आमच्या खिडकीतून पॅगोडा दिसतो. मग पॅगोड्यातून आमची खिडकी दिसणारच ना? पण इतक्या खिडक्यांतून आमची कुठली ते मला कळायला हवं. म्हणून आजोबा रजई बाहेर टाकणार आहेत. आईच्या लग्नातली, लाल. आजोबांना जवळचं दिसत नाही, पण लांबचं अजून एकदम लख्ख दिसतं. आणि मी काय करणार आहे माहितीये का, मी—”

“अहो मावशी, आमच्या मिंगचेचं झालं का?” श्याओमानच्याच वर्गातल्या चिन मिंगचेची आई सगळ्यांना बाजूला सारत आत घुसली, आणि श्याओमानचं पुढचं वाक्य राहूनच गेलं. पोरगी कागद छातीशी धरून निघून गेली.

मिंगचेचं झालं होतं, आणि असं झालं होतं की सूयिंग स्वतःच त्याच्याकडे दोनदा वळून बघत होती. सात मजले, आठ बाजू, प्रत्येक छपराच्या टोकाला घंटा, घंटांच्या जिभासुद्धा दिसतायत. खालच्या कोपऱ्यात म्हण लिहिलेली: ‘एक जीव वाचवणं हे सात मजली पॅगोडा बांधण्याहून मोठं.’ ही म्हण तिने जवळजवळ अख्ख्या वर्गाच्या कागदांवर लिहिली होती, ज्याच्या-त्याच्या अक्षरात.

आठवड्याने वर्गाच्या शेन बाई गुंडाळ्यांचा भारा घेऊन दुपारी दुकानात आल्या. तरुण पोरगी, शहरातून नुकतीच बदलून आलेली. “मावशी, मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. सगळे म्हणतात तुमची नजर पारखी आहे. एक निवडून द्या ना मला. कुणाला सांगणार नाही मी.”

सूयिंगने दार लोटून घेतलं आणि कागद गल्ल्यावर पसरले. आपल्याच हाताची ती सगळी पिल्लं. पण बाईंनी ढिगातून एक कागद आधीच बाजूला काढून ठेवला होता.

“मला आपलं हे आवडलंय,” बाई जरा लाजत म्हणाल्या.

श्याओमानचा पॅगोडा होता तो. नक्षी नाही, ढग नाहीत. कडेला अंगठ्याचा डाग. पण छपरांवर गवत उगवलेलं, एका मजल्याच्या खिडकीत पक्ष्याचं घरटं, एका कोपऱ्याची घंटा नाहीच. खाली एक सपाट करडा पट्टा, आणि त्याच्यावर पॅगोडा उभा. शेजारी लिहिलं होतं: ‘हा मी रोज बघते. सकाळी तो ओला असतो.’

“यात काहीतरी आहे,” बाई म्हणाल्या. “बाकीची सगळी छान आहेत हो, पण कसं सांगू, सगळी एकाच घरातली भावंडं वाटतात.”

चोराच्या मनात चांदणं. हा कागद तिथे टांगला गेला, की बाकीचे वर्गही बघणार, मग या बाई पुन्हा एकदा ढिगाकडे बघणार, आणि मग एक एक आई दाराशी यायची बंद होणार. ‘तुमच्याशिवाय कोण आहे आम्हाला’ पुन्हा कुणी म्हणणार नाही. तिने चित्र जवळ ओढलं आणि बोटाने मजले मोजले.

“सहा!” ती म्हणाली. “अहो बाई, सहा मजले काढलेत हिने! पॅगोड्याचे मजले कधी सम असतात का? तीन, पाच, सात, नऊ. रांगतं पोरही सांगेल. आपल्या गावाचा सात मजल्यांचा पॅगोडा, आणि तालुक्याच्या माणसांपुढे आपण त्याचा एक मजला कमी करून टांगायचा? तुमचं हसं होईल, बाई. तुम्ही इथे नव्या.”

बाईंचा चेहरा उतरला. “अगंबाई. माझ्या लक्षातच नाही आलं. मग कुठलं घ्यावं?”

“हे घ्या,” सूयिंग म्हणाली, आणि तिचं बोट मिंगचेच्या कागदावर पडलं. बोट पडेपर्यंत तिला वाटत होतं की आपण एखादं बरंसं, साधंसं निवडू. पण हातालाही गर्व असतो, मेल्याला. आणि जिने प्रत्येक पोराच्या नावावर एक एक चूक आपल्या हाताने घडवली होती, तिनेच एका पोरीच्या चुकीवर बोट ठेवलं, हे त्या वेळी तिच्या डोक्यातही आलं नाही. डोक्यात आलं ते रात्री, भात पुढ्यात घेतल्यावर. तिने भात तसाच झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर श्याओमान दुकानाशी थांबली. “आजी, माझ्या पॅगोड्याचा एक मजला कमी पडला म्हणे.”

“होतं गं असं.”

“पण मी मोजले होते.”

“पुढच्या वेळी जरा नीट मोज हं,” सूयिंग म्हणाली. तोंडातून निघून गेलं. शब्द परत गिळता येत असते तर तिने तिथल्या तिथे गिळले असते. बरणीतून बडीशेपेची गोळी काढून तिने पोरीच्या हातावर ठेवली.

“पुढच्या वेळी जिना बंद असणार आहे,” श्याओमान म्हणाली. गोळी मात्र तिने घेतली, आणि थँक्यूही म्हणाली. याच थँक्यूने सूयिंगला रात्रभर टोचलं.

संध्याकाळी मिंगचेची आई हिरव्या गोळ्यांची अख्खी टोपली घेऊन आली. “मावशी, हे सगळं तुमच्यामुळेच हो! आणि एक करा ना. मुलाबरोबर एक मोठं माणूस लागतं, आणि मला उंचावर गरगरतं. त्या दिवशी मिंगचेबरोबर तुम्हीच चढा.” सूयिंग नाही म्हणाली. मग नको नको म्हणाली. मग हो म्हणाली. गोळा तिच्या घशाखाली उतरला नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण तिला न खाताच खवखवत होतं.

उद्घाटनाच्या दिवशी झांजा वाजल्या, फिती कापल्या गेल्या, भाषणं झाली. पायथ्याशी मिंगचेचं नाव लिहिलेला तिचा कागद टांगला होता आणि तालुक्याचा कुणी साहेब त्याच्यापुढे उभा राहून म्हणत होता, “मुलांची कल्पनाशक्ती बघा!” मिंगचेची आई लाजून लाल झाली होती. सूयिंग दुसरीकडे बघत राहिली.

शाळेच्या पिवळ्या टोप्या घातलेली मुलं एकामागून एक जिना चढू लागली. जिना अरुंद, लाकूड कुरकुरणारं. सूयिंगला धाप लागत होती. मिंगचे मागून पायरी पायरीला विचारत होता, “आजी, वर काय आहे?”

“खिडक्या.”

“अजून?”

“वारा.”

“बस? एवढ्यासाठी चढायचं?” त्याने टोपी काढून तिच्या हातात कोंबली. “धरा, घाम येतोय.”

सर्वांत वरच्या मजल्यावर पोहोचल्यावर तिने उत्तरेकडच्या फटीएवढ्या खिडकीतून बाहेर बघितलं. खाली कालवा. कालव्याच्या पलीकडे मासळीचं शीतगृह, त्याचं मोठं करडं सपाट छप्पर. छपरापलीकडे कामगारांच्या जुन्या इमारतींची रांग. आणि त्यातल्या एकीच्या चौथ्या मजल्यावर लाल रजई.

रजईशेजारी कुणीतरी खिडकीला धरून उभं होतं. कंबरेचं हाड गेलेला माणूस, उभा. किती वेळ उभा असेल कुणास ठाऊक.

आणि मग तिला ते दिसलं. त्या खिडकीत आणि पॅगोड्यात मध्ये शीतगृह आडवं आलेलं. तिथून बघणाऱ्याला पॅगोड्याचा तळमजला दिसणं शक्यच नव्हतं. त्याला दिसणार करडं छप्पर, आणि त्याच्यावर उभे सहा मजले. पोरीच्या चित्रात खाली जो करडा पट्टा होता, ती जमीन नव्हती. पोरीने मोजले होते. नीट मोजले होते. गावात तेवढ्या एकीने पॅगोडा डोळ्यांनी बघून काढला होता, आणि सूयिंगने तो स्वतःला पाठ असलेल्या नियमाने खोडून टाकला होता.

“अरे देवा, काय केलं मी हे,” ती मोठ्याने म्हणाली. मिंगचेने एकदा तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा भिंतीवरची पाल बघू लागला.

पलीकडे म्हातारा हात हलवत होता. दोन्ही हात. पोर दिसेल म्हणून वाट बघत होता. सूयिंगने विचार केला नाही. टोपी कट्ट्यावर ठेवली, पांढरे केस दिसू नयेत म्हणून बाजूला सरकून भिंतीला चिकटली, आणि नुसता हात फटीतून बाहेर काढून हलवला. खूप वेळ हलवला. खांदा दुखेपर्यंत. थोड्या वेळाने डोकावून बघितलं, तर म्हाताऱ्याचे हात थांबले होते. तो तसाच उभा होता. मग त्याने हळूहळू रजई आत ओढून घेतली.

‘दमला असेल,’ ती स्वतःशी म्हणाली. ‘समाधान झालं असेल.’

खाली उतरून, मिंगचेला त्याच्या आईच्या हवाली करून ती दुकानाकडे आली. दुकान बंद होतं, आणि पायरीवर श्याओमान बसली होती. दप्तर मांडीवर, डोक्यावर पिवळी टोपी.

“तू इथे काय करतेस गं? घरी नाही गेलीस?”

“घरी कशी जाऊ? मी वर गेलेय ना.” पोरगी पायाच्या बोटांकडे बघत होती. “नंबर नाही आला हे आजोबांना सांगणार होते मी. पण त्यांनी रजई आधीच उन्हात घालून ठेवली होती. मग नाही सांगितलं.”

सूयिंग तिच्याशेजारी पायरीवर बसली.

“आजी, तुम्ही वर गेला होता ना? रजई दिसली?”

“दिसली. आधी तीच दिसली.”

“आणि आजोबा?”

“उभे होते. दोन्ही हात हलवत होते.” सूयिंग पुढे म्हणाली, “मी पण हात केला. त्यांना वाटावं, तूच आहेस.”

श्याओमानचा चेहरा असा फुलला की बघवेना. “खरंच? टोपी हलवलीत ना? पिवळी?”

“कसली टोपी?”

“आमचं ठरलं होतं. नुसता हात काय, कुणीही करेल. टोपी हलली की ती मीच.”

कट्ट्यावर ठेवलेली मिंगचेची टोपी सूयिंगच्या डोळ्यांपुढे आली. मग आत ओढली जाणारी लाल रजई. ‘हो, हलवली,’ एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. वर्गभर पोरांच्या नावाने इतकं खोटं लिहिलं, त्यात अजून एक भर, आणि हे तर पोरीच्या सुखासाठी. पण तिच्याने ते बोलवलं नाही.

“नाही गं,” ती म्हणाली. “नुसता हात केला.”

श्याओमान उठली आणि दप्तर पाठीवर टाकलं. “मग त्यांना कळलं असणार.” ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

“थांब, मी येते. आजोबांशी मी बोलते.”

“तुम्ही कशाला, आजी? तुम्ही थोडंच काही केलंय?”

समोरून एक आई कागदाची गुंडाळी हलवत येत होती. “मावशी! पुढच्या सोमवारी ‘झाडं लावा’ आहे हो!” सूयिंगने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. रस्ता ओलांडताना पोरीने सवयीने तिचा हात धरला, आणि पलीकडे गेल्यावरही सोडला नाही. शीतगृहाची लांबलचक भिंत सुरू झाली. भिंत संपता संपता सूयिंगची पावलं रेंगाळली. मग ती थांबली.

“श्याओमान, तुझे सहा मजले बरोबर होते. बाईंना तुझाच कागद हवा होता. चूक आहे असं मी सांगितलं त्यांना. मी.”

पोरीने मान वर करून तिच्याकडे बघितलं. “तुम्ही? तुम्ही तर मला गोळी दिली होती.”

तिने हात सोडवून घेतला आणि एकटी पुढे चालू लागली. सूयिंग तिच्या मागोमाग गेली, जिना चढली. दार उघडंच होतं. आत म्हातारा भिंतीला टेकून रजईची घडी घालत होता.